चार अज्ञात उष्णताशोषक वस्तू

पाणी घालणं आणि घातलेलं पाणी काढत बसणं, या दोन क्रियांवर मानवी संस्कृतीचा बराचसा भाग उभा आहे. अहवाल, भाषणं आणि नातेवाइकांची भांडणं याच पद्धतीनं चालतात. मात्र हे काम उघडपणे, रीतसर परवाना घेऊन आणि तीन पाळ्यांत करणारी संस्था म्हणजे लगद्याचे ट्रे बनवणारा कारखाना. तिथे लाकडाचा लगदा भरपूर पाण्यात कालवतात (शंभर भागांत लाकूड जेमतेम एक भाग, बाकी आत्मविश्वास), तो जाळीच्या साच्यावर बसवतात, पंपानं त्यातलं पाणी ओढून घेतात आणि जे पाणी पंपालाही दाद देत नाही ते ड्रायरमध्ये भाजून काढतात. शेवटी हातात येतो अंडी, फळं किंवा दिवे ठेवायचा एक राखाडी ट्रे. त्याच्याकडे आजवर कुणी दोनदा पाहिलेलं नाही.

कारखान्याचं निम्म्याहून जास्त इंधन या पाणी काढण्यातच जातं. म्हणून कंपनीनं ऊर्जा व साधनसंपत्ती कार्यक्षमता धोरण आखलं आणि ते भिंतीवर टांगलं. तरीही इंधन कमी होईना. तेव्हा एक अधिकारी नेमला. त्यांना सगळे बटणसाहेब म्हणत, कारण साहेब ज्या खोलीतून बाहेर पडत तिथलं बटण बंद करून जात. खोलीत आणखी कुणी आहे की नाही हा प्रश्न त्यांना गौण वाटे. हिशेब विभागातल्या लोकांनी त्यामुळे अंधारात बेरीज करायची सवय लावून घेतली होती, आणि बेरजा पूर्वीपेक्षा फार चुकत नव्हत्या.

बटणसाहेब नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. वर्षअखेर ड्रायरचा खर्च पंधरा टक्क्यांनी उतरला पाहिजे, असं त्यांना वरून सांगण्यात आलं होतं, आणि त्यांनी त्यात काही कसर ठेवली नाही. ट्रेचा तळ पातळ करून पाहिला. अंड्यांनी सहकार्य केलं नाही. कागद वाचवा असं एक परिपत्रक काढलं, ते प्रत्येकाला दोन प्रतींत मिळालं. बचतीवर घोषवाक्यांची स्पर्धा घेतली आणि पहिल्या तीन घोषवाक्यांना प्लॅस्टिकचं आवरण घालून ती ड्रायरजवळ लावली. तिथे ती वितळली. मग एके दिवशी त्यांनी साच्यावरचा दाब वाढवला. ओला ट्रे ड्रायरमध्ये जाण्याआधीच आणखी थोडा पिळून निघू लागला आणि खर्च तीन टक्क्यांनी खरोखरच उतरला. हा उपाय बरोबर असल्यामुळे त्याची कुठेही वाच्यता झाली नाही.

राहिले बारा टक्के. ते शोधायला बाहेरून एक तज्ज्ञ बोलावण्यात आले. तज्ज्ञांजवळ एक कॅमेरा होता, त्यात माणसाचा चेहरा दिसत नसे, फक्त त्याची उष्णता दिसे. (यामुळे तज्ज्ञांचं कुणाशी वैर नव्हतं.) त्यांनी बॉयलर पाहिला, नळ पाहिले, ड्रायर पाहिला आणि मग कारखान्याला बाहेरून वळसा घालून ड्रायरच्या मागच्या भिंतीसमोर आले. तिथे कॅमेरा लालबुंद झाला.

आता या भिंतीबद्दल सांगायला हवं. ड्रायरची पाठ जिथे येते त्या भिंतीला लागूनच कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांची रांग होती. मध्ये फक्त एक अरुंद बोळ. भिंत चोवीस तास कोमट, थंडीत तर हवीहवीशी गरम असायची. कॉलनीतले सगळे कपडे तिथे वाळत. मुलांचे भिजलेले बूट तिथे ओळीनं उभे राहत, ओलसर गाद्या टेकून उभ्या केलेल्या असत, आणि दुपारची कामं आटोपली की चार बायका आपापली बसकुरं घेऊन भिंतीला पाठ लावून बसत. त्यांतली एक फिटरची आई, दोघी तिच्या शेजारणी, आणि चौथ्या बटणसाहेबांच्या सासूबाई.

सासूबाई मुळात लेकीकडे राहायला आल्याच नव्हत्या. नवरा गेल्यावर त्या आपल्या घरी एकट्याच राहत, आणि लेकीनं किती विनवण्या केल्या तरी जावयाच्या घरी कायमचं बसणं बरं नव्हे, असं म्हणत. एका थंडीत त्या चार दिवसांसाठी म्हणून आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला टेकल्या. मग गुडघ्यांना जरा बरं वाटतंय, म्हणून त्या आठवडाभर राहिल्या, आणि पुढे त्यांच्या जाण्याचा विषय कुणी काढला नाही. बटणसाहेबांना सासूबाई घरात हव्या होत्या. ही गोष्ट जगाच्या एकंदर अनुभवाशी जुळत नाही हे कबूल आहे, पण त्याला कारण होतं. बटणसाहेब जेवताना दिवसभराच्या बचतीची हकीकत सांगत, आणि ती पूर्ण ऐकणारं माणूस पृथ्वीवर ते एकच होतं. अंधारातल्या बेरजांची गोष्ट ऐकून तर सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या होत्या.

तज्ज्ञांचा अहवाल आला. भाषा स्वच्छ होती. "मागील भिंतीतून बावीस टक्के उष्णता वाया जाते. भिंतीस आतून जाड अस्तर लावावे व गरम हवा पुन्हा ड्रायरमध्ये फिरवावी. तसेच भिंतीच्या बाहेरील बाजूस चार अज्ञात उष्णताशोषक वस्तू आढळल्या, त्या हटवाव्यात." सोबत छायाचित्र होतं. लाल भिंतीसमोर चार गोल पिवळट आकृती, आणि त्यांतल्या एकीनं बोट वर करून दुसरीला काहीतरी ठासून सांगितलेलं.

बटणसाहेबांनी ते छायाचित्र घरी नेलं. लपवून ठेवणं त्यांना जमलं असतं, पण जेवताना काय सांगायचं हा प्रश्न उरला असता. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ चित्र पाहिलं.

"वस्तू म्हणजे आम्हीच का हो, जावईबापू?"

बटणसाहेबांनी हो म्हटलं.

"आणि जास्त पिवळी कोण आहे? मी की फिटरची आई?"

फिटरची आई किंचित जास्त पिवळी होती. सासूबाईंना ते लागलं, पण त्यांनी मोठ्या मनानं घेतलं. मग अस्तराची गोष्ट निघाली. भिंत गार होणार हे कळल्यावर त्या म्हणाल्या, की आपल्या गुडघ्यांपायी कुणाचं काम अडू नये. भिंत गार झाली की आपण आपल्या घरी जाऊ, तसंही घर बंद ठेवलं की खराब होतं. बायकोनं ताटं जरा जोरात उचलली. बटणसाहेब उठून ओसरीवरचा दिवा बंद करायला गेले. तो लावलेलाच नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस बटणसाहेबांनी कार्यक्षमता धोरणाचा जेवढा अभ्यास केला तेवढा तो लिहिणाऱ्यानंही केला नसेल. आणि एका परिशिष्टात त्यांना वाट सापडली. तिथे लिहिलं होतं, की वाया गेलेली उष्णता म्हणजे जिचा कुणालाही काहीही उपयोग होत नाही अशी उष्णता. भिंतीच्या उष्णतेचा तर उपयोग होत होता. कपडे वाळत होते, बूट वाळत होते, गुडघे शेकले जात होते. म्हणजे ती वाया जात नव्हती. म्हणजे बावीस टक्के उष्णता वाचवायची नव्हती, ती केव्हाच वाचलेली होती, फक्त हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

हा युक्तिवाद बैठकीत मांडला तेव्हा मोठे साहेब खुर्चीत पुढे सरकले. पंधरा हवे होते तिथे बावीस मिळत होते, आणि त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. यातल्या दुसऱ्या भागावर सभागृहात ताबडतोब एकमत झालं. अस्तराचा बेत रद्द झाला. भिंतीला "सामुदायिक उष्णता पुनर्वापर प्रकल्प" असं नाव मिळालं आणि बोळाच्या तोंडाशी तशी पाटी लागली. घरी बायकोनं त्या दिवशी बटणसाहेबांच्या पानात न मागता जास्त वाढलं. सासूबाईंनी उद्या फिटरच्या आईला जरा लवकरच गाठायचं ठरवलं.

इथेच गोष्ट थांबली असती तर सगळे सुखी झाले असते. पण तज्ज्ञ प्रामाणिक होते. (प्रामाणिक माणसानं किती नुकसान होतं, याचे आकडे अद्याप कुणी गोळा केलेले नाहीत.) ते म्हणाले, उपयोग होतो हे मान्य, पण किती होतो? जे मोजलं नाही ते वाचलं असं म्हणता येत नाही. बटणसाहेबांना हे पटलं, कारण ते स्वतःही असंच म्हणाले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मोजणी सुरू झाली. बोळात वजनकाटा आला. प्रत्येक कपडा ओला असताना एकदा आणि वाळल्यावर एकदा तोलायचा; फरक पडेल तेवढं पाणी प्रकल्पानं काढलं. बुटांच्या बाबतीत दोन्ही बूट एकाच मुलाचे असले पाहिजेत. गुडघ्यांसाठी वेगळा नियम: बसण्यापूर्वी आणि उठताना तापमान घ्यायचं, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. नुसतं बसणं उपयोगात धरलं जाणार नव्हतं, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखत नाहीत त्यांनी दुखतात असा दाखला आणायचा. भिंतीच्या कोपऱ्यात एक मांजर कायम पसरलेलं असे. ते लाभार्थी की अडथळा, यावर एक उपसमिती नेमली गेली आणि तिचा निर्णय येईपर्यंत मांजराला जागेवरून न हलवण्याचे आदेश निघाले. मांजरानं त्यांचं काटेकोर पालन केलं.

सुरुवातीला चौघींना मौज वाटली. आपल्या गुडघ्यांची एवढी विचारपूस आजवर डॉक्टरनंही केली नव्हती. फिटरच्या आईचा उजवा गुडघा कॉलनीत सर्वाधिक कार्यक्षम ठरला, आणि ती तो पुढे करून चालू लागली.

पण कार्यक्षमतेचा एक स्वभाव असतो. ती जिथे आहे तिथे बसत नाही. पुढच्या तिमाहीत उपयोग दहा टक्क्यांनी वाढला पाहिजे असं वरून कळवण्यात आलं. गुडघे वाढवता येत नाहीत. तेव्हा कपडे वाढवले. लोक पडदे धुऊ लागले, मग न वापरलेल्या चादरी, मग नुकत्याच धुऊन वाळलेल्या चादरी. वाळलेलं ओलं करायचं आणि ओलं केलेलं वाळवायचं, हे काम कारखान्याच्या आत होत होतंच, ते आता बाहेरही होऊ लागलं. काही घरांनी नात्यातल्यांचे कपडे मागवून घेतले. कॉलनीचं पाणी संपू लागलं, पण पाण्याची बचत हा वेगळ्या विभागाचा विषय होता आणि त्या विभागात अजून कुणाला नेमलेलं नव्हतं.

पुढे ऊन वाढलं. भिंतीजवळ उभं राहवेना. बायका सावली शोधू लागल्या आणि लोक कपडे गच्चीवर नेऊन टाकू लागले. प्रकल्पाचे आकडे घसरले. तज्ज्ञांनी खेदपूर्वक कळवलं, की ऋतुमानानुसार घट होण्याची तरतूद नियमात नाही. त्यावर सूचना निघाली: "सूर्य हा प्रकल्पाबाहेरील स्रोत असल्याने त्यावर कपडे वाळवण्यास मनाई आहे." गच्च्यांना कुलपं लागली. तरीही आकडे पुरेनात, कारण बाहेरच्या हवेपुढे भिंत पूर्वीइतकी गरम वाटतच नव्हती. मग एकच मार्ग राहिला. भिंत जास्त तापावी म्हणून ड्रायर जास्त पेटवला गेला.

ट्रे कडेनं वळून बाहेर येऊ लागले. (विक्री विभागानं त्यांना "पकडण्यास सुलभ" असं म्हटलं आणि ते खपले.) इंधन एकोणीस टक्क्यांनी जास्त जळू लागलं. पण भिंतीची पुन्हा वापरलेली उष्णता एकतीस टक्क्यांनी वाढली, म्हणजे निव्वळ बचत बारा टक्के झाली. त्यात साच्याच्या दाबाचे ते तीन टक्के मिळवले की बरोबर पंधरा. उद्दिष्ट तंतोतंत पूर्ण झालं. बचत कमी पडू नये म्हणून जास्त जाळलं, हे गणित ज्याला कळत नाही त्याला ऊर्जा कार्यक्षमतेतलं काही कळत नाही असं समजावं. बटणसाहेबांना ते व्यवस्थित कळत होतं, आणि जेवताना ते आता काही बोलत नसत.

सासूबाईंनी भिंतीला जाणं सोडलं ते थंडी परत आल्यावर. आश्चर्य म्हणजे आता भिंत हवीहवीशी होती. पण बसण्याच्या पाळ्या लागल्या होत्या. सासूबाईंची पाळी दुपारची, फिटरच्या आईची सकाळची, शेजारणींची एकआड एक. चौघी एकत्र बसल्या की कुणी किती उष्णता घेतली ते वेगळं काढता येत नाही, असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. शिवाय बोलताना माणूस हलतो आणि माप चुकतं, म्हणून बोळात शांतता पाळण्याची पाटी लागली. सासूबाई चार-पाच दिवस एकट्या, तोंड मिटून, गुडघ्याला तापमापक लावून बसल्या. मग बसकूर घेऊन घरात आल्या आणि आपली पिशवी भरायला लागल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्यांची गत झाली होती.

त्या कुणालाही दोष देत नव्हत्या. त्या लेकीला म्हणाल्या, की आपलं वय निवृत्तीचं आहे आणि इथे तर नोकरी लागल्यासारखं झालंय. मग गुडघे आपल्या घरीच दुखलेले बरे, तिथे निदान कुणी मोजत नाही.

बायको त्या दिवशी बटणसाहेबांशी एवढंच बोलली:

"भिंत वाचवलीत तुम्ही. आईला मात्र घालवलंत."

दुसऱ्या दिवशी कारखान्याला कार्यक्षमतेचं मानचिन्ह मिळायचं होतं. मोठे साहेब बोलले, तज्ज्ञ बोलले, पाणी भरपूर घातलं गेलं. मानचिन्ह काचेचं होतं आणि ते कारखान्याच्याच वळलेल्या ट्रेमध्ये ठेवून आणल्यामुळे त्याचा एक कोपरा उडाला होता. बटणसाहेबांचं नाव पुकारलं तेव्हा ते सभागृहात नव्हते. जाताना त्यांनी सभागृहाचं बटण बंद केलं नव्हतं, आणि हे त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडलं.

ते घरी आले. मागच्या खोलीत सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, पायाशी भरलेली पिशवी. बटणसाहेबांनी येताना रस्त्यात बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांत क्षमा होती, परिशिष्ट होतं, पाळ्या रद्द करण्याचा प्रस्ताव होता. त्यांतलं एकही आठवेना. मग ते नुसते खाटेवर सासूबाईंच्या शेजारी बसले. त्यांना रडू येत होतं, आणि अधिकारी असूनही ते त्यांनी फारसं आवरलं नाही.

खाट अरुंद होती, त्यामुळे दोघांचे खांदे टेकले होते.

"तुम्हांला एक सांगू, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघे माझे त्या भिंतीनं दुखायचे कधी थांबलेच नाहीत. चौघी होतो, म्हणून जात होते. आणि तुम्ही जेवायला बसून ते अंधारातल्या बेरजेचं सांगायचात ना, म्हणून राहिले होते."

बटणसाहेबांनी मग त्यांना मानचिन्हाच्या उडालेल्या कोपऱ्याची हकीकत सांगितली. सासूबाईंना हसून ठसका लागल्यावर बायको पाणी घेऊन आली आणि तीही बसली. खाट कुरकुरली. सासूबाईंनी पिशवीतून चष्मा बाहेर काढला. पिशवी अजून खाटेखाली भरलेलीच आहे. ज्या दिवशी बटणसाहेब उशिरा येतात त्या दिवशी ती थोडी पुढे ओढलेली दिसते, म्हणून ते सहसा उशिरा येत नाहीत.

ही गोष्ट बटणसाहेबांनी सरळ मनानं तज्ज्ञांना सांगितली. तज्ज्ञ थरारले. त्यांनी ताबडतोब हिशेब करून दाखवला, की एक माणूस नुसता बसून राहिला तरी जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो, तीही रात्रंदिवस आणि इंधनाची मागणी न करता. देशोदेशीच्या घराघरांतून एवढी प्रचंड उष्णता कुणालाही न लागता वाया चालली आहे आणि तिच्याबद्दल साधं परिपत्रकही नाही, याचा त्यांना धक्का बसला. नव्या प्रकल्पाचा मसुदा तयार आहे. पाहणीसाठी पहिल्या टप्प्यात बसून वाचणाऱ्या माणसांची निवड झाली आहे, कारण ती हलत नाहीत आणि माप चुकत नाही. म्हणजे हे वाचायला घेतलंत तेव्हापासून तुम्ही मोजणीत आहात. मघाशी आतल्या खोलीतून तुम्हांला कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही मान वर न करता "एवढं संपवून येतो" म्हणालात, त्या वेळची शंभर वॅट "वाया" या रकान्यात धरली आहेत. हरकत असल्यास आत जाऊन कळवावं.